सातबारा आहे, पण झोन माहीत आहे का?

भोर-वेल्ह्यात बांधावरून भाऊबंदकी होते, ही काही बातमी नाही. वीतभर बांध कोरला म्हणून वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी घरं गुंजवणी आणि नीरेच्या खोऱ्यांत आजही आहेत. त्याच घरातल्या कर्त्या माणसाला विचारावं, ‘तुमचा गट कोणत्या झोनमध्ये येतो?’ तो सातबारा पुढे करतो.

सातबाऱ्यावर झोन, म्हणजे जमिनीचा ठरवून दिलेला वापर, नसतो. मालक कोण, क्षेत्र किती, पीक कोणतं, बोजा कोणाचा, हे सातबारा सांगतो. उद्या त्या जमिनीवर घर बांधता येईल की नाही, मधून रस्ता जाईल का, शाळेचं आरक्षण पडेल का, हे ठरतं विकास आराखड्यात.

झोनची रेघ म्हणजे एक बांधच. फरक एवढाच, की तो कागदावर घातलेला असतो. शेतातला बांध डोळ्यांना दिसतो; खेकड्यांनी पाडलेली बिळं पावसाळ्याआधी बुजवता येतात. कागदावरच्या बांधाला बीळ पडलं तर ते दिसायचं कुणाला? नगररचना कायद्यानुसार एखाद्याच गटाचा वापर शेतीतून रहिवासी करण्याचा फेरबदल होऊ शकतो. त्याची सूचना प्रसिद्ध होते, हरकतीची मुदत पडते आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या कानावर काही न येता ती संपून जाते. वरच्या खाचराचा बांध फुटला की खालच्या खाचरातलं भात वाहून जातं, हे मावळपट्ट्यात कुणाला शिकवावं लागत नाही. वरच्या उतारावर बंगले उठले, ओढा वळवला गेला, तर खाली तेच होतं.

या भागात आज नेमका कोणता आराखडा लागू आहे, याबद्दल गावोगाव गोंधळ आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे सगळ्यांच्या तोंडातलं पीएमआरडीए, २०१५ मध्ये स्थापन झालं आणि भोर, वेल्हे तालुक्यांचा काही भाग त्याच्या हद्दीत आला. २०२१ च्या पावसाळ्यात त्यांचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला. त्यावर सुमारे ६७ हजार हरकती आणि सूचना आल्या. सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. त्यामुळे नवा आराखडा मंजूर होईपर्यंत आधार राहतो तो १९९७ मध्ये मंजूर झालेल्या पुणे प्रादेशिक योजनेचा आणि २०२० च्या डिसेंबरपासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीचा.

म्हणून २०२१ चा रंगीत नकाशा दाखवून कुणी ‘हा गट पिवळ्यात, म्हणजे रहिवासी झोनमध्ये आलाय, भाव दुप्पट’ असं सांगत असेल, तर त्याच्यावर भिस्त ठेवून इसार देऊ नये. तोरण्याच्या पायथ्याशी, राजगड समोर दिसेल असा, पानशेतच्या पाण्यालगत फार्महाऊसचा प्लॉट, अशा जाहिराती पुण्यात पदोपदी दिसतात. घेणारा नोकरदार आयुष्यभराची पुंजी घालतो आणि झोन दाखला मागायला मात्र संकोचतो! एक पंचमांशाहून जास्त चढाच्या डोंगरउतारावर बांधकामाला परवानगी नसते, हे त्याला घराचा पाया खणल्यावर का कळावं? पानशेत आणि वरसगाव ही धरणं पूर्वीच्या वेल्हे, आताच्या राजगड तालुक्यात आहेत आणि पुणे शहर त्यांचं पाणी पितं. या डोंगरांवर काय होतं, हा शहरातल्या श्रोत्यांच्याही नळाचा प्रश्न आहे.

पुन्हा सांगणं भाग आहे, कारण इथेच माणसं चुकतात: सातबारा म्हणजे झोन नव्हे. एनए, म्हणजे अकृषिक परवानगी, हाही झोन नव्हे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला अकृषिक वापरासाठी महसूल कायद्यात सवलत आहे, पण तिच्यामुळे बांधकामाची परवानगी आपोआप मिळत नाही.

आरक्षणही आपोआप उठत नाही. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला खरेदीची नोटीस देता येते.

तेव्हा कामाचं सांगायचं तर, गट पीएमआरडीएच्या हद्दीत असेल तर तिथून आणि बाहेर असेल तर नगररचना विभागाच्या पुण्याच्या कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा मागावा. नवा प्रारूप विकास आराखडा आला, की राजपत्रातल्या सूचनेपासून हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. भातलावणीच्या धांदलीत ते कधी सरले, कळतही नाही. ग्रामसभेने नकाशा चावडीवर लावून घ्यावा आणि शिकलेल्या मुलांनी म्हाताऱ्यांना तो वाचून दाखवावा. हरकत ‘आमच्यावर अन्याय झाला’ अशी मोघम नको. गाव, गटनंबर, नकाशात काय दाखवलं आहे, प्रत्यक्षात तिथे विहीर आहे, घर आहे की वहिवाटीचा रस्ता, आणि बदल काय हवा, एवढं एका पानात मावतं. सोबत सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडावा. अर्ज टेबलावर ठेवून निघून येऊ नये; दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घेऊन पोच घरी आणावी, सुनावणीच्या दिवशी तीच दाखवावी लागते.