सरकत्या दाराची गाडी

गेल्या वैशाखात आमच्यातल्या एकीच्या पुतणीचं लग्न होतं. आम्ही आठजणी भाड्याची गाडी करून निघालो. गाडी दारात आली ती अगदी रुबाबदार, उंच, जीपच्या थाटाची. बरोबर आमच्या मैत्रिणीच्या सासूबाई होत्या. नऊवारी नेसलेल्या, गुडघे दुखरे. त्यांनी एका हाताने निऱ्या सावरल्या, दुसऱ्याने दाराचा कठडा धरला, आणि पाय काही पायरीवर पोचेना. शेवटी घरातलं प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. एकीने वरून हात धरला, एकीने खालून आधार दिला. आत बसल्यावर त्या म्हणाल्या, "माझे पायच आता कामातून गेलेत गं." स्टूल आम्ही मागे सामानात टाकलं, कारण मांडवापाशी उतरायचंही होतं!

त्या लग्नापासून आम्ही या गोष्टीच्या मागे लागलो. पाय कामातून गेले होते, की पायरीच चुकीच्या उंचीवर होती? गाडी बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेमकं कोण असतं? शोध घेताना आमच्या हाती मिनीव्हॅनची गोष्ट लागली. ही गोष्ट मुख्यतः अमेरिकेत घडली. आज तीच तुम्हाला सांगायची आहे.

मिनीव्हॅन म्हणजे काय, ते आधी सांगतो. टेम्पोसारखी चौकोनी, पण त्याच्याहून बुटकी. आत सहा-सात माणसं बसतील अशी, आणि बाजूचं दार बाहेर न उघडता रुळावरून मागे सरकणारं. अशी कल्पना कोणाच्याच डोक्यात आली नव्हती असं नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात विल्यम स्टाउट नावाच्या अभियंत्याने 'स्कॅरब' नावाची गाडी केली होती. तिच्यातल्या खुर्च्या हव्या तशा हलवता येत आणि मधे टेबल मांडता येई. पण किंमत पाच हजार डॉलर, तेव्हाच्या साध्या मोटारीच्या कितीतरी पट. जेमतेम नऊएक गाड्या झाल्या आणि विषय संपला. जर्मनीत १९५० साली फोक्सवॅगनची व्हॅन आली. बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने १९४७ मध्ये वहीत काढलेल्या एका साध्या रेखाटनावरून ती घडली. इटलीत १९५६ मध्ये फियाटने सहा माणसांची छोटीशी 'मल्टिप्ला' काढली, ती तिथे टॅक्सी म्हणून खूप चालली. पण रोजच्या घरगुती वापरासाठी म्हणून मुद्दाम आखलेली आणि घरोघरी पोचलेली गाडी व्हायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

तोवर अमेरिकेतल्या मोठ्या कुटुंबाला दोनच पर्याय होते. एक म्हणजे स्टेशन वॅगन, लांबलचक कार. दुसरी मोठी व्हॅन, म्हणजे खरं तर मालवाहू गाडीच, फक्त आत बाकं टाकलेली. तिच्यात चढायला उंच पाय टाकावा लागे आणि ती घराच्या गॅरेजात मावत नसे.

१९७० च्या दशकात फोर्ड कंपनीत हॅल स्पर्लिक नावाचे अधिकारी मधल्या मापाच्या गाडीचा आराखडा घेऊन बसले होते. त्याला ते 'मिनी-मॅक्स' म्हणत. बाहेरून लहान, आतून मोठी. लोकांना विचारपूस केली तेव्हा तीन गोष्टी पुढे आल्या. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. पहिली, पायरी इतकी खाली हवी की बाईमाणसाला सहज चढता येईल. दुसरी, गाडी गॅरेजात मावली पाहिजे. आणि तिसरी, इंजिन पुढे, नाकासारखं बाहेर आलेलं हवं. म्हणजे धडक बसली तर आधी ते नाक चेपेल, आणि माणसाचे पाय वाचतील.

पण कंपनीचे प्रमुख हेन्री फोर्ड दुसरे यांनी ही गाडी नाकारली. स्पर्लिक यांना कंपनी सोडावी लागली आणि ते १९७७ मध्ये क्रायस्लर कंपनीत गेले. पुढच्याच वर्षी त्यांचे वरिष्ठ ली आयकोका यांनाही फोर्डमधून काढलं, तेही क्रायस्लरमध्ये आले. क्रायस्लर तेव्हा दिवाळ्याच्या दारात होती. १९८० च्या आरंभी अमेरिकन सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली, तेव्हा कुठे कंपनी तगली.

स्पर्लिक यांनी नंतर एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला फार लागली. या गाडीवर दहा वर्षं काम केलं, पण त्या काळात अशी गाडी बनवा म्हणून एकाही गृहिणीचं पत्र आलं नाही, असं ते म्हणाले. ज्यांना ही गाडी नको होती त्यांना हा पुरावाच वाटला: बघा, कोणी मागत नाही, म्हणजे बाजारच नाही!

आता सांगा, पत्र कोण लिहिणार होतं? कडेवर मूल, हातात किराण्याची पिशवी, कोपराने दार उघडायची सवय झालेली बाई कारखान्याला पत्र लिहीत नाही. ती कोपर वापरते. आपल्या सासूबाई म्हणतात, पाय गेले. ओटा उंच असला की आपण पाट घेऊन त्यावर उभ्या राहतो. गवंड्याला परत बोलावत नाही. मागणी नसणं आणि गरज नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे ओळखणारं कोणीतरी खुर्चीवर असावं लागतं.

क्रायस्लरमध्ये ही गाडी शक्य झाली ती तांत्रिक कारणाने. जुन्या पद्धतीत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. त्यासाठी गाडीखालून एक लांब लोखंडी शाफ्ट जातो, आणि त्याच्यासाठी मजला उचलावा लागतो किंवा मधोमध उंचवटा ठेवावा लागतो. मधल्या जागेवर बसणारीच्या पायात येतो ना, तोच! क्रायस्लरने नुकत्याच काढलेल्या 'के-कार' या साध्या, स्वस्त मोटारीत इंजिन पुढच्याच चाकांना फिरवत होतं. मागे जाणारा शाफ्टच नाही. त्यामुळे मजला सपाट आणि खाली आणता आला. मजला खाली आला म्हणून छप्परही खाली आलं, पूर्ण उंची साडेपाच फुटांच्या आत. पायरी खाली, गाडी गॅरेजात, इंजिनाचं नाक पुढे. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या.

२ नोव्हेंबर १९८३ ला कॅनडातल्या विंडसर शहरातल्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. 'डॉज कॅरव्हॅन' आणि 'प्लिमथ व्हॉयेजर' अशी तिची दोन नावं. पहिल्याच वर्षी दोन लाखांहून अधिक गाड्या खपल्या. (या गाडीने बुडती कंपनी वाचवली असं सरसकट सांगतात. सरकारी हमीचं कर्ज तर गाडी यायच्या आधीच, १९८३ च्या उन्हाळ्यात फेडलं गेलं होतं. ते काम के-कारचं. मिनीव्हॅनने नंतर घर भरलं, एवढं खरं.)

ती इतकी का खपली, याचं एक कारण आम्हाला कायद्यात दिसतं. लहान मुलांना गाडीत खास सुरक्षित खुर्चीतच बसवायचं, असा कायदा टेनेसी राज्याने १९७८ मध्ये सगळ्यांत आधी केला, आणि १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी तो केला. या खुर्च्या मोठ्या असतात. दोन मुलांच्या दोन खुर्च्या ठेवल्या की साध्या कारची मागची सीट भरली. मग शेजारणीचं मूल कुठे बसवायचं? आजी कुठे बसणार? शिवाय वाकून, कंबर मोडून त्या खुर्चीचे पट्टे लावायचे. सरकत्या रुंद दारातून आणि सपाट मजल्यावर ते काम सोपं झालं.

गंमत बघा, तरी दार एकाच बाजूला होतं. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालतात, म्हणून फूटपाथच्या बाजूला, उजवीकडे, दार दिलं. चालक डावीकडे. म्हणजे आईने डावीकडून उतरायचं, गाडीला वळसा घालायचा आणि मग मुलाला काढायचं. पावसात, थंडीत, बर्फात. दुसऱ्या बाजूलाही दार द्यायला तब्बल बारा वर्षं लागली! १९९५ मध्ये क्रायस्लरने ते दिलं, तेही जादा पैसे देऊन, आणि लोकांनी ते इतकं उचललं की इतर कंपन्यांची धावपळ उडाली. फोर्डच्या 'विंडस्टार'ला ते दार नव्हतं. त्यांनी आधी चालकाचंच दार मोठं करून वेळ मारून नेली आणि मग १९९९ च्या मॉडेलमध्ये दुसरं सरकतं दार बसवलं. त्या नव्या विंडस्टारवर काम करणाऱ्या अभियंत्यांमध्ये स्वतः आई असलेल्या बऱ्याचजणी होत्या. तोवर मागचं बाक काढायचं तर दोन माणसं लागत, इतकं ते जड असे. ते मजल्यातच दुमडून टाकायची युक्ती होंडाच्या 'ओडिसी'ने आणली.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. कायद्याच्या दृष्टीने मिनीव्हॅन ही कार नव्हती, हलक्या ट्रकमध्ये तिची गणना होई. त्यामुळे कारला लागू असलेले सुरक्षेचे काही नियम सुरुवातीला तिला लागू नव्हते. आत मुलंबाळं आणि कागदावर ट्रक! क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये मागच्या दाराची कडी अपघातात उघडते, माणसं बाहेर फेकली जातात, अशा तक्रारींवरून सरकारी चौकशी झाली, आणि १९९५ मध्ये कंपनीने चाळीस लाखांहून अधिक गाड्यांच्या कड्या बदलून द्यायचं मान्य केलं.

युरोपात त्याच सुमारास, १९८४ मध्ये, फ्रान्समध्ये रेनोची 'एस्पास' आली. पहिल्या महिन्यात फक्त नऊ गाड्या विकल्या गेल्या, पुढे मात्र तीही रुळली.

अमेरिकेत २००० च्या सुमारास वर्षाला तेरा लाखांवर मिनीव्हॅन विकल्या जात होत्या. नंतर खप निम्म्याच्याही खाली आला. का? गाडी वाईट झाली म्हणून नाही, ती तर दिवसेंदिवस सोयीची होत होती. ती 'आईची गाडी' ठरली, म्हणून. १९९६ च्या निवडणुकीत तिकडे 'सॉकर मॉम' हा शब्द गाजला. मुलांना फुटबॉलच्या सरावाला नेणारी-आणणारी आई, असा त्याचा अर्थ. त्या आईची जी गाडी, ती चालवणं बापांना कमीपणाचं वाटू लागलं, आणि पुढे आयांनाही. लोक उंच, दणकट दिसणाऱ्या एसयूव्हीकडे वळले. चढायला अवघड, आत जागा बहुधा कमी, पेट्रोल जास्त. पण ती बघून कोणी 'काकू' म्हणणार नाही! आम्हाला हे फार ओळखीचं वाटलं. बायकांच्या कामाशी नाव जोडलं गेलं की वस्तूचा भाव उतरतो. मिनीव्हॅन न सोडणाऱ्यांत अपंग माणसं आणि त्यांची घरची मंडळी आहेत. मजला आणखी खाली करून, उताराची फळी लावून चाकाची खुर्ची थेट आत नेता येते.

आता आपल्याकडे या. आपल्या लग्नांची, जत्रांची जुनी गाडी म्हणजे पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर. पण घरची म्हणावी अशी सरकत्या दाराची गाडी आली ती १९८४ मध्ये, मारुती व्हॅन. पुढे तिचं नाव 'ओम्नी' झालं. ७९६ सीसीचं इंजिन, दोन्ही बाजूंना सरकती दारं. हो, दोन्ही बाजूंना, अमेरिकेच्या अकरा वर्षं आधी! दूधवाले, मंडपवाले, रुग्णवाहिका, शाळेची पोरं, सगळ्यांची ती झाली. हिंदी सिनेमातल्या अपहरणवाल्यांचीही झाली, पण तो दोष गाडीचा नव्हे.

मघाच्या तीन अटी आठवा. मागे चढायची पायरी खाली, हे जमलं. अंगणात मावते, हेही जमलं. तिसरी अट, नाक? ते नव्हतंच. इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणून पुढे बसणारीला उन्हाळ्यात शेगडीवर बसल्यासारखं वाटायचं. ते सोसता आलं. पण धडकेत चेपायला पुढे काहीच नाही, एक पत्रा आणि मागे लगेच गुडघे. नवे सुरक्षा नियम आले, त्यांत ती बसली नाही आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तोवर तिने पस्तीस वर्षं आपली पोरं वाहिली. अजूनही अनेक वाड्यांमधून वाहते आहे.

तिची जागा इनोव्हा, अर्टिगा यांनी घेतली. नाक आहे, बसायला ऐसपैस आहेत, पण दारं साधी, बाहेर उघडणारी. बटणावर सरकणारं दार आता महागड्या गाड्यांमध्येच. शाळेच्या दारातल्या गर्दीत ज्यांना ते सगळ्यांत जास्त लागतं, त्यांच्या वाट्याला ते आलेलं नाही.

शाळेच्या गाडीबद्दल एक सांगून थांबतो. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खुर्ची न लावता नेलं तर एक हजार रुपये दंड आहे. तुमच्या मुलांची जी व्हॅन येते, तिच्यात उद्या सकाळी एकदा डोकावा. पट्टे किती आणि मुलं किती, मोजा. पुढच्या सीटवर, चालकाच्या शेजारी कोणाचं मूल बसतं, ते बघा. दार सरकून पूर्ण लागतं का, आणि आतून लहान हाताने उघडतं का, तेही बघा. काय दिसलं ते आम्हाला फोन करून सांगा. पत्र लिहिलं तरी चालेल.

आणि हो, पुढच्या महिन्यात पुन्हा एक लग्न आहे. या वेळी गाडी ठरवताना आम्ही एसी आहे का, हे नंतर विचारलं. आधी विचारलं, "दादा, पायरी जमिनीपासून किती उंच आहे?" तो गोंधळला. म्हणाला, असं आजवर कोणी विचारलं नाही. मग टेप घेऊन गेला आणि मोजून आला.