गोळा कोणाचा?



अशेरीच्या डोंगरात एखाद्या तरुणाला गंजका लोखंडी गोळा सापडला, तर पालघर स्टेशनावर पोहोचेपर्यंत तो गोळा चिमाजीअप्पांचा झालेला असतो! या अभिमानाला मी हसत नाही. १७३९ साली याच मुलखात माहीम, केळवे, तारापूर, अशेरी ही ठाणी मराठ्यांनी एकामागून एक घेतली, आणि मे महिन्यात वसई पडली. तारापुरास बाजी भिवराव कामास आले. अभिमान वाटावा असेच हे सारे आहे. पण अभिमान हा पुरावा नव्हे.

गोळ्याचे गोत्र शोधावयाचे, तर आधी तो गोळा आहे की काय, हेच पाहिले पाहिजे. कारखान्यांतल्या बॉल मिलमध्ये दळणासाठी पोलादी गोळे वापरतात. ते भंगारातून कोठेही पोहोचतात. शाळेतल्या गोळाफेकीच्या गोळ्यानेही भल्याभल्यांना फसवावे! ओतीव गोळ्यावर बहुधा साच्याच्या दोन अर्ध्या भागांची शिवण दिसते, किंवा धातू ओतल्या जागेची खूण राहते. शतकांच्या गंजाने ती बुजलेलीही असते.

मग माप. गोळ्याभोवती दोरी फिरवून घेर काढावा. घेर पस्तीस सेंटीमीटर भरला, तर व्यास सुमारे ११.१. असा भरीव बिडाचा गोळा साधारण सव्वापाच किलो भरतो. म्हणजे हा इंग्रजांच्या बारा पौंडी तोफेजोगा झाला. परंतु येथे थांबा. पोर्तुगीजांचा रत्तल इंग्रजी पौंडाच्या इतका जवळ होता, की नुसत्या वजनावरून धनी ठरवता येत नाही. शिवाय शत्रूच्या तोफा आणि दारूगोळा जिंकून पुन्हा त्याच्यावरच चालवण्याची रीत सर्वांचीच होती.

म्हणून सापडल्या जागेला सर्वांत अधिक मोल. अशेरी सुमारे सतराशे फूट उंच. वर आजही एक तोफ पडली आहे, पोर्तुगीज राजचिन्हाचा दगडही आहे. अवजड तोफा त्या कड्यांवरून चढवणे कोणत्याही वेढा घालणाऱ्यास सोपे नव्हते. तेव्हा उतारावर रुतलेला गोळा वरून खाली सुटला असण्याचा संभव मला अधिक वाटतो. हे पुष्कळांना रुचत नाही. तारापुरासही तट फोडण्याचे मोठे काम सुरुंगांनी केले, हे विसरू नये. वसईच्या बाजूस सापडलेल्या गोळ्याला तर आणखी एक वारस आहे. १७८० च्या अखेरीस जनरल गॉडर्डने वसईस वेढा घालून ती घेतली.

गोळा लांबट असला, त्यावर तांब्याचा पट्टा असला, तर हा सारा इतिहास बाजूला ठेवा. तो आटे पाडलेल्या नळीच्या तोफेचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा किंवा त्यानंतरचा. त्याला हातच लावू नये.

पण गोल गोळाही निर्धोक नसतो. आपल्या जुन्या लोकांनी कुलपी गोळा असा नेमका शब्द ठेवला आहे. हा आतून पोकळ, दारूने भरलेला आणि गरनाळेतून फेकलेला असे. त्याचे भोक गंजाने बुजले, की तो भरीव गोळ्यासारखाच दिसतो, आणि आतली दारू कोरडी राहिली असेल तर तिला वय बाधत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २००८ साली एक अनुभवी संग्राहक असाच यादवी युद्धातला गोळा साफ करीत होता. त्या युद्धाला संपून एकशे चाळीसांहून अधिक वर्षे झाली होती. गोळा फुटला आणि तो गृहस्थ जागीच गेला.

तेव्हा वजन करावयाचे ते जाणकाराने. तुम्ही गोळा उचलू नका, घासू नका, घरी आणून तेल लावू नका. आहे तेथेच फोटो काढा, शेजारी एखादी काठी ठेवा म्हणजे आकार कळेल, कोणत्या बुरुजाकडची बाजू ते लिहून घ्या, आणि पोलीस ठाण्यात कळवा. त्यांनी तो निर्धोक ठरवला, म्हणजे मग आपण दोरी घेऊन बसू.