चिपच्या कारखान्यासाठी कुशल हात

(सोनई येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



अर्धसंवाहक चिपचा विषय सोनईत कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने या उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. पुढे गुजरातेत साणंद व धोलेरा आणि आसामात जागीरोड येथे कारखान्यांची उभारणी सुरू झाली. त्यापाठोपाठ चिपच्या प्रशिक्षणाच्या जाहिरातीही आल्या. दहावीनंतर मुलाने कोठे जावे, हे पुष्कळदा गुरुजींच्या एका शब्दावर ठरते. तो शब्द माहितीनिशी उच्चारला जावा, एवढ्यासाठीच मी उभा आहे.

चिपचा आराखडा काढणारा अभियंता निराळा आणि ती घडविणारी यंत्रे सांभाळणारा तंत्रज्ञ निराळा. सिलिकॉनच्या चकतीवर उमटवायच्या रेषा माणसाच्या केसाच्या सहस्रांशाहूनही बारीक असू शकतात. धुळीचा एक कण पडला तरी तेवढा भाग वाया जातो. तेथील काही वायू हवा लागताच पेट घेतात. अशा जागी पाळीवर उभे राहून मापके वाचणे, नोंद अचूक ठेवणे आणि धोक्याची घंटा वाजल्यावर अंदाजाने हात न घालणे, हेच मुख्य कौशल्य होय.

हे आपल्याला अगदीच परके नाही. मुळा सहकारी साखर कारखान्यातील पॅनमनला निर्वाताचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. पाक कमी दाबाखाली उकळतो म्हणूनच साखर करपत नाही. चिपच्या यंत्रांतील निर्वात कितीतरी पटींनी खोल असतो, हे खरे. पण मापकावर नजर ठेवण्याची शिस्त तीच.

म्हणून माझे मत असे की, नव्या नावाच्या अल्पमुदतीच्या वर्गापेक्षा पाया पक्का करणारे शिक्षण आधी पाहावे. १९५० पासून चालत आलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, रेफ्रिजरेशन व वातानुकूलन हे आयटीआयचे व्यवसाय या उद्योगाला जवळचे आहेत. पुढे शिकू इच्छिणाऱ्यांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये चिप-निर्मितीच्या पदविकेचा नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. प्रवरासंगमाचा पूल ओलांडून गेले की छत्रपती संभाजीनगर येथे केंद्र शासनाची ‘नायलिट’ ही संस्था आहे; इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षणाची चौकशी तेथे करता येईल.

मात्र धूळविरहित दालनातील काम फळ्यावर शिकविता येत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे महत्त्व येथे आहे. पैसा शासनाचा असला तरी वर्षे मुलाची खर्च होतात. प्रवेशापूर्वी विचारावे: प्रात्यक्षिक कोठे, कोणत्या यंत्रावर? शिकाऊ उमेदवारी कोणत्या कारखान्यात? विद्यावेतन किती? मागील तुकडीतील किती जण कामाला लागले? केवळ प्रमाणपत्रांची संख्या सांगणारी संस्था निम्मेच उत्तर देते.

आणखी एक गोष्ट पालकांपासून लपवू नये. सिलिकॉनच्या चकत्यांवर चिप घडविणारा मोठा कारखाना महाराष्ट्रात अद्याप उभा राहिलेला नाही. नेवासे तालुक्यातील मुलीला आज हे काम हवे असेल, तर बहुधा परराज्यात जावे लागेल. तिच्या निवासाची, रात्रपाळीतील वाहतुकीची चौकशी प्रवेश-अर्जाबरोबरच व्हावी. ती करण्यास पंचायतीचे एक पत्रही उपयोगी पडते.