आपला टेलिफोन आपणच घ्यावा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा किमान वेतन, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही बोलू, असे त्यांना वाटले असावे. आम्ही कळविला तो विषय घरच्या टेलिफोनचा. आणि तोही कानाने अधू झालेल्या माणसाच्या टेलिफोनचा. व्याख्यानाला हा विषय लहान आहे, असे कोणी म्हणेल. पण ज्यांच्या घरात कमी ऐकू येणारे वडील माणूस आहे, ते तसे म्हणणार नाहीत. आणि सुरगाण्यात तर नाहीच नाही. या तालुक्यातून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, नाशिकच्या बांधकामांवर, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किती माणसे कामाला जातात, हे आपण जाणताच. मुलगा नाशकात, सून त्याच्याबरोबर, आणि आईबाप गावात. एस.टी.ने जाण्यायेण्यात दिवस मोडतो. तेव्हा घरचा व्यवहार चालतो तो फोनवर. तो फोनच ऐकू येत नसेल, तर त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे काय होते, हे आम्हाला सांगावयाचे आहे.

आम्ही कॉलेजात गेलेलो नाही. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि कायद्याची पुस्तके उसनी आणून झाले. म्हणून ध्वनिशास्त्राचे पंडित या नात्याने आम्ही बोलत नाही. कामगारांच्या घरी जाता-येता जे पाहिले, आणि मग वाचून व जाणत्यांना विचारून जे समजले, तेवढेच मांडतो.

आमचा धंदाच मुळी दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा आहे. पगाराच्या वाटाघाटीत आम्ही कामगारांच्या वतीने बोलतो. कारण त्यांनी आम्हाला निवडलेले असते, आणि पटले नाही तर ते आम्हाला काढूही शकतात. पण स्वतःच्या घरात ज्याच्या वतीने दुसरे बोलू लागतात, त्याने कोणाला निवडलेले नसते. बँकेचा फोन आला की मुलगा घेतो. दवाखान्याचा आला की सून घेते. म्हातारा विचारतो, "कोण होतं?" उत्तर येते, "काही नाही, तुम्ही बसा." यात कोणाची दुष्ट बुद्धी नसते, वेळ वाचावा एवढाच हेतू असतो. पण जो माणूस एके काळी गेट मीटिंगमध्ये उभा राहून मॅनेजरला जाब विचारीत होता, तो अशा रीतीने आपल्याच पेन्शनीच्या, औषधाच्या, जमिनीच्या गोष्टीतून हळूहळू बाजूला पडतो. दुसरा धोका याहून मोठा. ज्याला नीट ऐकू येत नाही तो ओशाळतो, आणि ओशाळलेला माणूस सगळ्याला "हो, हो" म्हणतो. फोनवरून बँकेचे गुप्त आकडे काढून घेणाऱ्या भामट्यांना असे "हो, हो" म्हणणारे गिऱ्हाईकच हवे असते.

आता कान जातो कसा, ते पाहू. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग आहे. त्यात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केले की त्या मरतात, आणि मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. आवाज डेसिबल या मापात मोजतात. हे माप गजासारखे सरळ नाही: १० डेसिबल वाढले की आवाजातली शक्ती दसपट होते. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा घातली गेली. मालेगावच्या यंत्रमागावर, घणाच्या आणि प्रेसच्या खात्यात, पुष्कळ ट्रॅक्टरांवर आवाज याच्या वर जातो. मागाच्या खात्यातले लोक एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात ते हौसेने नव्हे.

या बहिरेपणाची एक खोड ध्यानात घेतली पाहिजे. तो सगळा आवाज सारखा कमी करीत नाही. आधी जातात ते उंच, बारीक स्वर. सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासचे. वाढत्या वयाने येणारा बहिरेपणाही याच वाटेने येतो. भाषेतले अ, आ, ओ हे स्वर जाड आणि खालचे. ते शाबूत राहतात. स, श, फ, त, ठ यांतला सळसळणारा, टिचणारा भाग उंच; तो नाहीसा होतो. म्हणून असा माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." सात, साठ आणि आठ या तीन शब्दांत 'आ' तोच आहे, फरक आहे तो व्यंजनांत. व्यंजने गेली की डॉक्टरांनी गोळी सात वाजता सांगितली की आठ वाजता, हे त्याला उमगत नाही. घरचे लोक म्हणतात, "त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं!" हा निव्वळ अन्याय आहे.

टेलिफोन या अडचणीत भर घालतो. वास्तविक हे यंत्र बहिरेपणाच्या शेजारीच जन्मले. १८७६ साली ज्याने त्याचे पेटंट घेतले तो अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता. त्याच्या आईला कमी ऐकू येई, आणि त्याची पत्नी लहानपणीच्या तापाने पूर्ण बहिरी झालेली होती. आपल्या देशात मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे २८ जानेवारी १८८२ रोजी टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. पण या यंत्राची तार माणसाचा सगळा आवाज वाहत नाही. साधारण ३०० ते ३,४०० कंपनांपर्यंतचाच वाहते. 'स'चा बराचसा भाग याच्या वरचा. शिवाय समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, आणि ऐकावयाचे एकाच कानाने. म्हणजे जो कान आधीच अधू, त्याला आधीच कापलेला आवाज मिळतो.

यावर एक उपाय म्हणजे ध्वनिवर्धक टेलिफोन. दिसायला तो साध्या टेलिफोनसारखाच. आत आवाज वाढविण्याची सोय असते. साध्या फोनपेक्षा ३० ते ४० डेसिबल, काहींत त्याहूनही अधिक वाढ मिळते. घेताना चार गोष्टी पाहाव्या. पहिली, आवाज मोठा करण्याच्या चकतीखेरीज बारीक स्वर वाढविण्याची वेगळी चकती आहे काय. आम्ही हिला पहिला मान देतो. कारण नुसता जाड आवाज मोठा केला तर गोंगाट वाढतो, शब्द वाढत नाहीत. दुसरी, घंटा मोठी आहे काय आणि तिच्याबरोबर दिवा लुकलुकतो काय. तिसरी, आकड्यांची बटणे मोठी आहेत काय. चौथी, रिसीव्हर खाली ठेवताच वाढविलेला आवाज आपोआप मूळ जागी येतो काय. नाही तर पुढचा फोन नातवाने उचलला, तर त्याच्या कानाला इजा व्हावयाची.

मात्र यंत्र विकत घेण्यापूर्वी कान तपासून घ्यावा. कधी नुसता मळ साठलेला असतो. आणि एका कानाने एकाएकी, एका-दोन दिवसांत, ऐकू येईनासे झाले तर वाट पाहू नये. त्याच दिवशी कानाचा डॉक्टर गाठावा. हा प्रकार तातडीचा आहे, आणि वेळेवर उपचार झाले तर कान परत मिळण्याची आशा असते.

फोन बसवावा कुठे? दूरदर्शनच्या संचाजवळ नको, मिक्सरजवळ नको, रस्त्याच्या खिडकीत नको. भिंतीला टेकून खुर्ची, हाताशी कागद-पेन्सिल, वर उजेड. त्या माणसाचा जो कान बरा, त्या बाजूला रिसीव्हर येईल असा. मग शेजारच्या घरातून किंवा मोबाइलवरून कोणाला तरी फोन करावयास सांगावे. चकती अगदी खाली ठेवून सुरुवात करावी. आवाज पुरेसा झाला की थांबावे, मग बारीक स्वराची चकती थोडी थोडी फिरवावी. समोरच्याने दहा-बारा आकडे वाचावेत, ऐकणाऱ्याने ते लिहावेत. सर्वांत कमी चुका जेथे होतात ती जागा आपली. तेथे रंगाचा ठिपका द्यावा. हे काम मुलाने करून मोकळे होऊ नये. वापरणाऱ्याच्याच हाताने करवावे.

ज्यांच्या कानात श्रवणयंत्र आहे त्यांनी रिसीव्हर कानावर घट्ट दाबू नये, शीळ वाजते. कानामागचे यंत्र असेल, तर त्याचे आवाज घेणारे छिद्र जेथे असते तेथे, म्हणजे कानाच्या जरा वर, रिसीव्हर धरावा. पुष्कळ यंत्रांत 'टी' नावाची सोय असते. ती लावली की यंत्र हवेतला आवाज सोडून रिसीव्हरमधल्या चुंबकाचा आवाज घेते, आणि खोलीतला गलका मध्ये येत नाही. यासाठी फोनही त्या सोयीला जुळणारा लागतो. 'टी' लावल्यावर गुणगुण ऐकू आली तर जवळच्या इन्व्हर्टरपासून किंवा अडॅप्टरपासून दूर सरकावे.

आता आपल्या गावची अडचण. जुन्या तांब्याच्या तारेतून टेलिफोन केंद्रच ४८ व्होल्टची वीज पुरवीत असे. म्हणून घरातले दिवे गेले तरी साधा फोन चालू राही. काचतंतूच्या नव्या जोडणीत फोन घरच्या मोडेमला लावावा लागतो, आणि वीज गेली की मोडेम व फोन दोन्ही मुके होतात. आपला पावसाळा आणि आपली वीज यांचे नाते आपण जाणता. म्हणून मोडेमला बॅटरीचा आधार द्यावा, आणि ध्वनिवर्धक फोनमध्ये स्वतःची बॅटरी घालण्याची सोय पाहावी. ज्या पाड्यावर तार पोहोचत नाही पण मोबाइलचा आवाज पोहोचतो, तेथे सिमकार्डावर चालणारा टेबलावरचा फोन मिळतो. त्याचीही वरच्याच चार कसोट्यांवर परीक्षा करावी. नव्या मोबाइल जाळ्यावर दोन्हीकडचे फोन जुळते असले, तर ७,००० कंपनांपर्यंतचा आवाज जातो. शब्द अधिक स्वच्छ येतात. दोन्ही कानांत लावण्याच्या तारा वापरल्या तर आणखी बरे. चित्रासह बोलणे जमले तर ओठ दिसतात, हा मोठाच लाभ. आणि १०८ चा रुग्णवाहिकेचा क्रमांक, मुलाचा क्रमांक, शेजाऱ्याचा क्रमांक एकेका बटणावर नेमून द्यावा.

यंत्राने अर्धे काम होते. उरलेले अर्धे पलीकडून बोलणाऱ्याचे. त्याने आधी आपले नाव सांगावे, मग विषय सांगावा. ओरडू नये. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजने आहेत तेथेच राहतात. सावकाश, नेहमीच्या आवाजात बोलावे. एखादे वाक्य कळले नाही तर तेच चार वेळा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगावे. साठ म्हणावयाचे तर "सहा आणि शून्य" म्हणावे. सात म्हणावयाचे तर "पाच, सहा, सात" असे मोजून दाखवावे. शेवटी ऐकणाऱ्याकडून वदवून घ्यावे. ऐकणाऱ्यानेही संकोच सोडून पहिल्याच वाक्यात सांगावे, "मला कमी ऐकू येतं, सावकाश बोला." आणि कोणी पैशाचे किंवा गुप्त आकड्यांचे विचारले, तर फोन ठेवून बँकेत स्वतः जावे.

एवढ्यावर थांबलो तर आम्ही संघटनेची माणसे कसली? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले की, जगात ४३ कोटी लोकांना बहिरेपणासाठी साहाय्याची गरज आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या नोंदणीय रोगांच्या यादीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा होता. त्याची जागा घेणारी २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तिच्याही अनुसूचीत तो आहे. पण यादीत असणे वेगळे आणि नोंद होणे वेगळे. एका कारखान्यात आम्ही घणाच्या खात्यातल्या लोकांचे कान तपासा म्हणून मागणी केली, तेव्हा "बोलावलं की येतात की, म्हणजे ऐकू येतं" असे उत्तर मिळाले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढची हानी धरली आहे. चाळीस-पन्नासवाल्याला फोन कठीण जातोच. कायद्याच्या दारात मात्र त्याला जागा नाही. श्रवणयंत्रासाठी साहाय्य देणाऱ्या योजना आहेत. १९८१ पासूनची केंद्राची योजना आहे, राज्याने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी काढलेली वयोश्री योजना आहे. श्रवणयंत्राबरोबर टेलिफोनचाही विचार व्हावा, ही मागणी आपण सर्वांनी केली पाहिजे. ज्याने तीस वर्षे देशाचे उत्पादन वाढविताना कान दिला, त्याला मुलाचा आवाज ऐकण्याचे साधन मागावे लागू नये.

तोवर आपल्या हातात काय आहे? या गावात वाचनालयात किंवा नगरपंचायतीत असा एक टेलिफोन ठेवावा. ज्याला हवा त्याने येऊन कान लावून पाहावा, आपल्याला जमतो की नाही हे ठरवावे, आणि मगच पैसे खर्चावे. न पाहता घेतलेला फोन कपाटात जातो, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. हे काम वर्गणीने एका महिन्यात होण्यासारखे आहे. आमची वर्गणी आम्ही आजच चालकांकडे देत आहोत. उरलेली सभा संपल्यावर येथेच गोळा करावी, अशी आमची सूचना आहे.