मोहल्ल्याचा नकाशा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नकाशा म्हणजे पुरुषांच्या बैठकीतला विषय, असे कोणी म्हणेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण ज्या गल्लीत आपण सकाळी सडा टाकतो, उन्हाळ्यात कुरड्या-पापड वाळत घालतो, मुले निर्धास्त खेळायला सोडतो, तिचे पुढे काय व्हायचे ते त्या कागदावर ठरते. मग तो आपण का पाहू नये?

आपले वर्धा आखूनच वसवलेले गाव. १८६६ साली पालकवाडीच्या जागी ते उभे राहिले. आखणी आजही चालूच आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास योजनेचा नकाशा आधी कच्च्या स्वरूपात प्रसिद्ध होतो आणि लोकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. घरे कुठे, बाजार कुठे, शाळेची नि बागेची जागा कोणती, रस्ता किती रुंद, सारे त्यात असते. हरकत लेखी आणि मुदतीत द्यावी लागते. जाहिरात वर्तमानपत्रात येते. पण बहुधा त्याच पानात आपण पोळ्या गुंडाळून देतो!

यात रस्त्याची रुंदी फार महत्त्वाची. २०२० च्या एकत्रित नियमावलीत घरांच्या वस्तीत कोणती दुकाने, कोणती कार्यालये चालतील हे बरेचसे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. म्हणजे कागदावर रेघ जाड झाली की दहा वर्षांनी आपल्या ओट्यासमोर बाजार बसू शकतो.

त्याच साली वर्धा–सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी गांधीजींच्या काळातली जुनी झाडे तोडली जाऊ लागली. नागरिक आडवे आले, काम थांबले. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण तोवर कितीतरी झाडे पडली होती, आणि पडलेले झाड काही अर्ज करून उभे राहत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीही एका घराचे मंगल कार्यालय झाले. रात्री बँड, दारात गाड्या, सकाळी उष्ट्या पत्रावळी. परीक्षेला बसलेली पोरे कानात बोळे घालून वाचत. आम्ही विचारायला गेलो, तर परवानगी केव्हाच मिळालेली.

मात्र मला सरसकट बंदीही नको. पिठाची गिरणी हवीच. शेवयांचे यंत्र चालवून पोरांना शिकवणाऱ्या बाईवर नियमाचा बडगा सर्वांत आधी पडतो. मोठ्यांची वाट कशी निघते ते आपण पाहतोच. म्हणून आपल्या अर्जात काय नको याच्याइतकेच काय राहू द्यावे, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे.

येत्या बुधवारी दुपारी मी नगरपालिकेत मंजूर नकाशा पाहायला जाणार आहे. आपल्या गल्लीची रुंदी वहीत उतरवून घ्यायची आहे. दोघी-तिघींनी सोबत यावे. चष्मा आठवणीने आणा. अक्षरे फार बारीक असतात.