बिनपंखांचा मोआ

बालमित्रांनो, पक्षी म्हटला कीं त्याला पंख असावयाचेच, असें तुम्हांला वाटत असेल. शहामृगाला उडतां येत नाहीं, तरी त्यालाहि पंख असतात. परंतु दूर दक्षिणेकडे, न्यूझीलंडच्या बेटांवर, पूर्वीं असा एक पक्षी राहात असे कीं, त्याला पंख तर नव्हतेच, पण पंखाचें एखादें लहानसें हाडहि नव्हतें. त्याचें नांव मोआ.

मोआच्या नऊ जाती होत्या. त्यांतील सर्वांत मोठ्या जातीची मादी मान ताणून उभी राहिली म्हणजे सुमारें १२ फूट उंच होई. एका माणसाच्या खांद्यांवर दुसऱ्यानें उभें राहून हात वर करावा, तेवढी ही उंची! तिचें वजन २०० किलोंहून अधिक भरे. नर मात्र वजनानें तिच्या निम्माहि नसे. त्यामुळें पुष्कळ वर्षें विद्वानांना नर व मादी या दोन निराळ्या जाती वाटत. हाडांतील आनुवंशिक द्रव्य तपासल्यावर २००३ सालीं हा घोटाळा मिटला.

मोआ पाला व डहाळ्या खाई. दांत नसल्यामुळें तो गोटेहि गिळी; ते गोटे त्याच्या पोटांत जात्याचें काम करीत.

आतां या पक्ष्याचा शोध जगाला कसा लागला, तें ऐका. १८३९ सालीं लंडनमध्यें रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाकडे हाडाचा एक तुकडा आला. तो वीतभरहि लांब नव्हता आणि त्याचीं दोन्ही टोकें मोडलेलीं होतीं. हें एका मोठ्या पक्ष्याचें हाड आहे, असें न्यूझीलंडचे लोक सांगतात, असा निरोप त्याबरोबर होता. ओवेनला प्रथम तें बैलाचें हाड वाटलें. परंतु निरनिराळ्या प्राण्यांच्या हाडांशीं ताडून पाहतां, आंतील जाळी पक्ष्याच्याच हाडासारखी दिसली. तेव्हां, न्यूझीलंडांत शहामृगासारखा प्रचंड पक्षी होऊन गेला, असें त्यानें विद्वानांच्या सभेंत सांगितलें. एवढ्याशा तुकड्यावर केवढें हें विधान! अनेकांना तें पटेना. तें खोटें ठरतें, तर ओवेनचें हसें झालें असतें. पण १८४३ सालीं न्यूझीलंडहून पेट्या भरून हाडें आलीं, आणि ओवेनचें व त्या बेटांवरील लोकांचें म्हणणें खरें ठरलें.

मग हा पक्षी गेला कोठें? त्या बेटांवर वाघ नव्हता, लांडगा नव्हता. वटवाघळें सोडलीं तर सस्तन प्राणीच जमिनीवर नव्हते. मोआला भय होतें तें एका प्रचंड गरुडाचें. सुमारें १३०० च्या सुमारास माओरी लोक होड्यांतून तेथें आले. पोटासाठीं त्यांनीं मोआ मारले, अंडीं खाल्लीं. रानेंहि जाळलीं गेलीं. मोआचें पिलूं मोठें होण्यास कित्येक वर्षें लागत. त्यामुळें मरणारे अधिक व वाढणारे थोडे, असें झालें, आणि सुमारें दीडशें वर्षांत सारे मोआ संपले. शेवटचा पक्षी मारणाऱ्याला, हा शेवटचा, हें कळलेंहि नसेल. भक्ष्य नाहींसें झाल्यावर तो गरुडहि नाहींसा झाला.

त्याच बेटांवर ताकाहे नांवाचा, न उडणारा, निळसर रंगाचा एक पक्षी आहे. तोहि नष्ट झाला, असें सर्व समजत होते. परंतु १९४८ सालीं डॉ. जेफ्री ऑर्बेल यांना डोंगरांतील एका सरोवराजवळ कांहीं ताकाहे जिवंत आढळले. लोकांनीं त्यांना जपलें, आणि आज ते शेंकडोंनीं आहेत. बालमित्रांनो, मोआचीं हाडें आतां संग्रहालयांत पाहावयास मिळतात; ताकाहेचीं पिलें मात्र गवतांत हिंडतात. वेळेवर जपल्यामुळें एवढा फरक पडला.