हिमालयाच्या पायथ्याचा वाघ आणि आपला कॅमेरा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आरती झाली, प्रसाद झाला, आणि तरीही वाघाची गोष्ट ऐकायला आपण एवढे जण थांबलात, याचा आनंद आहे. मघाशी मंडपात एका काकांनी विचारलं, "कान्हा, पेंच, सातपुडा ही आपली घरची जंगलं सोडून इतक्या लांब कशाला जाता हो? सगळ्यात जास्त वाघ तर आपल्या मध्य प्रदेशातच!" काकांचं बरोबर आहे. २०२२ च्या गणनेत आपल्याकडे ७८५ वाघ निघाले आणि उत्तराखंडात ५६०. पण त्याच गणनेत एकट्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात २६० होते. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही प्रकल्पात तेवढे नव्हते. अर्थात मी तिथे आकड्यासाठी जात नाही. तिथलं जंगलच निराळं आहे.

हिमालय जिथे मैदानात उतरतो, तिथे दगडगोट्यांचा एक लांबच लांब पट्टा आहे. त्याला भाबर म्हणतात. डोंगरातून आलेलं पाणी या गोट्यांत जिरतं आणि पुढे तराईत पुन्हा वर येतं. त्यामुळे पावसाळा सरला की पायथ्याचे ओढे कोरडे पडतात. तिथली माणसं त्यांना 'सोत' म्हणतात. उन्हाळ्यात पाणी कुठे, तर रामगंगेत. म्हणून हरणं रामगंगेकडे येतात आणि त्यांच्या मागे वाघ. वर सालाची उंच झाडी, खाली ढिकाल्याचं गवताळ मैदान, ज्याला तिथे 'चौड' म्हणतात. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात या ढिकाल्यातच झाली. गवत एवढं उंच वाढतं की हत्ती अर्धा बुडतो. वाघ दोन पावलं आत गेला की संपलं, फक्त शेंडे हलताना दिसतात. आणि हत्ती म्हणाल तर, मे महिन्यात जलाशयाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत येतं, त्यावर पिल्लांसकट कळपच्या कळप उतरतात. बाप्पाच्या दिवसांत हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

अशा जंगलात वाघ आधी कानाने शोधावा लागतो. चितळ ओरडलं तर लगेच गाडी पळवू नये. चितळ बिबट्यालाही ओरडतं, कधी कोल्ह्यालाही. वानर झाडावर बसून खोकल्यासारखं ओरडू लागलं तर लक्ष द्यावं, कारण त्याला वरून दिसत असतं. पण सांबराने शेपटी उभारून, पाय आपटत 'ढाँक' असा आवाज दिला, की आमचा गाइड पाण्याची बाटलीसुद्धा उघडू देत नाही. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. मग एकाएकी सगळं शांत होतं. नवख्या माणसाला वाटतं, वाघ गेला. गाइड हळूच म्हणतो, "बैठ गया, साहब." वाघ बसला की हरणांना दिसत नाही, म्हणून हाका थांबतात. अशा वेळी इंजिन बंद करून तासभर बसायचं. दहातल्या सात वेळा काहीच दिसत नाही. राहिलेल्या तीन वेळांसाठी आपण जायचं.

वाघाचे फोटो याच पायथ्याच्या जंगलांत फार आधीपासून निघत आले आहेत. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे संयुक्त प्रांतातले वन अधिकारी. १९२० च्या दशकात ते रात्री वाघाच्या वाटेवर बारीक तार बांधून ठेवत. वाघाचा पाय तारेला लागला की मॅग्नेशियमची पूड पेटायची आणि कॅमेरा आपोआप चालायचा. म्हणजे वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा! १९२७ साली त्यांचं पुस्तक आलं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि फोटोवरून तो ओळखता येतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं. जिम कॉर्बेट यांनी पुढे चलच्चित्राचा कॅमेरा हाती घेतला. त्याची घरघर ऐकून वाघ निघून जात, म्हणून त्यांनी ओढ्याला छोटे छोटे बांध घालून पाण्याचा खळखळाट वाढवला आणि त्याच्या आडून चित्रण केलं. हातात बंदूक धरून नाव मिळवलेला हा माणूस. वाघाला त्रास होऊ नये म्हणून त्याने ओढा वळवला!

आज गणनेसाठी जे कॅमेरे लावतात, त्यांचं तत्त्व चॅम्पियनचंच आहे. ते वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर नसतात. दोन्ही बाजू मिळाल्याशिवाय त्या वाघाची ओळख पुरी होत नाही.

आता माझा मुद्दा. आपण सगळे वाघाच्या चेहऱ्याच्या मागे असतो. समोरून चालत येणारा, थेट डोळ्यांत बघणारा वाघ. भिंतीवर लावायला तोच फोटो हवा असतो. पण तो मिळतो कसा? बहुतेक वेळा आपली गाडी त्याच्या वाटेत उभी असते म्हणून. कुशीचा फोटो मिळतो तेव्हा वाघ आपल्या समोरून आडवा, आपल्या चालीने जात असतो, कारण आपण वाट सोडलेली असते. शिवाय तो कोणता वाघ, हे कुशीवरून चटकन कळतं.

एका जंगलात, नाव सांगत नाही, मी एक वाघीण पाहिली. रस्त्याच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूच्या झुडपात तिची पिल्लं. मधे चौदा जिप्सी. मी मोजल्या. पुढच्याला मागे घेता येईना, मागच्याला पुढे यायचं होतं. कुणी ड्रायव्हरला बक्षिसाची लालूच दाखवत होतं. वाघीण तीन वेळा कडेपर्यंत आली आणि तीन वेळा गवतात परतली. चौथ्यांदा आली नाही. वेळ संपली म्हणून गाड्या फाटकाकडे निघाल्या, तोपर्यंत पिल्लं जिथल्या तिथे बसून होती. ड्रायव्हरला दोष देणं सोपं आहे. त्याचं पोट आपल्या खुशीवर आहे. मागच्या सीटवरचा माणूस "भाऊ, मागे घे" म्हणाला तर तो घेतो. मी हे अनेकदा करून बघितलंय.

आणखी एक. कॉर्बेटच्या पूर्वेला कोसी नदी आहे. पलीकडच्या जंगलात जायला वाघ-हत्तींना ती ओलांडावी लागते, आणि धिकुलीच्या बाजूला नदीकाठ रिसॉर्टांनी भरून गेलाय. त्यात आपल्यासारखेच लोक उतरतात. बुकिंग करताना जागा नदीला चिकटून आहे का, रात्री डीजे असतो का, हे फोनवर विचारायला काहीच पैसे पडत नाहीत. रामनगरच्या आसपासच्या गावांतल्या बायका आजही गवत-लाकडासाठी जंगलात जातात आणि वाघाच्या हल्ल्यात जीव गेल्याच्या बातम्या येत राहतात. वाघाची वाट बंद झाली तर तो गावाकडून जाणार. त्याची किंमत त्या बायका मोजतात, आपण नाही.

तरुण मंडळींच्या प्रश्नांची उत्तरं थोडक्यात देतो. आत्ता ढिकाला बंद आहे. १५ नोव्हेंबरला उघडतं आणि १५ जूनला बंद होतं. वाघासाठी एप्रिल-मे बरे, पण ऊन सोसायची तयारी हवी. सालाच्या जंगलात पहाटे उजेड फार कमी असतो, तेव्हा शटरचा वेग पाचशेच्या खाली न आणता आयएसओ वाढवा. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील. जिप्सीत ट्रायपॉड निरुपयोगी. घरून जाड कापडाची पिशवी शिवून न्या, रामनगरला तांदूळ भरा, ती गाडीच्या दांड्यावर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. परत येताना तांदूळ गाइडला द्या. आणि कॅमेरा नसेल तर दुर्बीण घेऊन जा. ज्यांच्याकडे फक्त दुर्बीण होती, त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

आता दिवे मालवायला सांगतो. पडद्यावर पहिलं चित्र नुसतं गवताचं दिसेल. घाई करू नका, त्यात वाघीण आहे. ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं नाही, फक्त हात वर करायचा.